सार्वजनिक इमारतीवर कोणता झेंडा लावायचा, हे ठरवतं कोण? (ग्वाल्हेर)

लष्करची_लेक

नमस्कार मंडळी. विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या वॉर्डात नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं, सामुदायिक भवन आहे. वॉर्ड कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, सगळी माणसं रोजच्या ओळखीची आहेत. भवनाच्या गच्चीवर एक लोखंडी खांब आहे. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला त्यावर तिरंगा लागतो, एरवी तो रिकामाच असतो. यंदा आमच्या मराठी मंडळानं गणपतीसाठी रीतसर पावती फाडून भवन घेतलं. स्थापनेच्या दिवशी मुलांनी उत्साहानं त्या खांबावर भगवा चढवला. कुणाला विचारलं नाही, कारण विचारावं लागतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या समाजाची चार माणसं आली. भांडायला नाही, अगदी सरळ विचारायला. "पुढच्या महिन्यात भवन आमच्याकडे आहे, तेव्हा आमचा झेंडा याच खांबावर लावू ना?" आमच्या अध्यक्षांना उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तक्रार केली. ऐन आरतीच्या वेळेला एक कर्मचारी आला, गच्चीवर गेला, झेंडा उतरवला, त्याची नीट घडी केली आणि ती आमच्या टेबलावर ठेवून गेला. त्याच्या हातात कागद नव्हता, "वरून सांगितलंय" एवढंच. मुलं चिडली. मागच्या गल्लीतले लोकही नाराज झाले, कारण आता त्यांचाही रस्ता बंद.

मला कुणाची बाजू घ्यायची नाही. प्रश्न एवढाच आहे की निगमच्या इमारतीवर काय फडकेल ते ठरवायचा अधिकार कुणाचा? पार्षदाचा, झोन अधिकाऱ्याचा, आयुक्तांचा की परिषदेचा? आणि ते कुठे लिहिलेलं आहे का?

माजी_बाबू

ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. सरकारी कचेरीत असताना झेंड्याची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे होती, त्यामुळे जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

तिरंग्याबद्दल शंकेला जागा नाही. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे, आणि अवमानाच्या बाबतीत १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांचा कायदा आहे. संहितेचा तिसरा भाग सरकारी वापराचा. तिरंगा नेहमी कुठल्या इमारतींवर असावा त्यांची नावं त्यात आहेत: उच्च न्यायालयं, सचिवालयं, आयुक्त आणि कलेक्टर कचेऱ्या, तुरुंग, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका. म्हणजे निगमच्या मुख्य कचेरीवर तिरंगा लावायचा की नाही हे निगम ठरवत नाही, ते ठरलेलंच आहे. रविवार असो, सुट्टी असो, पाऊस असो, सूर्योदयाला चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला तिरंगा रात्रीही ठेवता येतो.

दुसरी पक्की गोष्ट म्हणजे ज्या काठीवर तिरंगा आहे त्याच काठीवर दुसरा कुठलाही झेंडा चालत नाही. तिरंग्याच्या वर नाही, बरोबरीच्या उंचीवर शेजारीही नाही. काठीच्या टोकावर हार-फुलंसुद्धा नकोत.

आता तुमचा खरा प्रश्न. रिकाम्या खांबावर काय लावावं याबद्दल संहिता काही सांगत नाही. ती तिरंग्याची संहिता आहे, सगळ्या झेंड्यांची नाही. तिथे प्रश्न मालकीचा येतो. इमारत निगमची, तेव्हा ठरवायचं निगमनं. आपल्याकडे निगम चालतं ते १९५६ च्या मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियमावर. धोरण ठरवतात ते निगम परिषद आणि महापौर परिषद, अंमल आयुक्तांकडून होतो. एकट्या पार्षदानं तोंडी "लावा" म्हणायचं नसतं आणि एकट्या कर्मचाऱ्यानं तोंडी आदेशावर "काढा" असंही म्हणायचं नसतं. तुमच्याकडे ही दोन्ही कामं तोंडी झाली, म्हणून दोन्ही बाजू दुखावल्या.

कंपूवाला

काका, नियम ठीक आहेत, पण थोडं मनातलंही बोलू द्या.

ग्वाल्हेरचा हा लष्कर भाग मराठ्यांच्या छावणीतून उभा राहिला. महादजींच्या फौजा जरीपटका घेऊन दिल्लीपर्यंत गेल्या. शिंदे सरकारांच्या राजचिन्हातले नाग आणि सूर्य आजही जुन्या इमारतींवर दिसतात. भगवा इथे बाहेरून आलेला नाही. गणपतीचे दहा दिवस भगवा लागला तर कुणाचं काय गेलं? त्यात पक्ष नाही, निवडणूक नाही. आमच्या आजोबांच्या वेळी महाराज बाड्याच्या चौकात मिरवणूक निघायची तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नसता. आज पोरांनी हौसेनं लावला तर चोरासारखा उतरवून नेला. मला याचं खरंच वाईट वाटलं.

नई_सडक

कंपूवाला दादा, वाईट मलाही वाटलं. पण मागच्या गल्लीतल्या लोकांना तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते सांगा. "आमचा चालेल, तुमचा नाही" असं म्हणालो असतो का आपण? त्यांनीही पावती फाडलेलीच आहे.

कंपूवाला

नाही, तसं नसतो म्हणालो. त्यांनाही लावू द्यायला माझी हरकत नव्हती.

नई_सडक

मग तिसरा येईल. जयंती असेल तेव्हा चौथा, निवडणुकीच्या आधी पाचवा. आणि सगळ्यांना हो म्हणता म्हणता एक दिवस असा कुणीतरी येईल ज्याला तुम्ही किंवा मी हो म्हणू शकणार नाही. तेव्हा कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

परदेशी_ग्वाल्हेरी

नई_सडक यांनी जे लिहिलं तेच मी राहतो त्या बॉस्टन शहरात अगदी जसंच्या तसं घडलं, म्हणून सांगतो.

इथल्या सिटी हॉलच्या समोर तीन उंच खांब आहेत. एकावर देशाचा झेंडा, दुसऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याचा आणि तिसऱ्यावर एरवी शहराचा. हा तिसरा खांब शहर थोड्या वेळापुरता लोकांना द्यायचं. कुणाचा राष्ट्रीय दिवस असला की त्या देशाची मंडळी जमायची, शहराचा झेंडा उतरवून आपला चढवायची, गाणी म्हणायची, फोटो काढायची. २००५ ते २०१७ या काळात असे २८४ कार्यक्रम झाले आणि एकालाही नकार दिला गेला नाही. लेखी धोरण नव्हतं. अर्ज यायचा, एक अधिकारी तारीख रिकामी आहे का बघायचा आणि हो म्हणायचा. बहुतेक वेळा झेंडा कसा दिसतो हेसुद्धा आधी पाहिलं जात नसे.

२०१७ मध्ये एका संस्थेनं ख्रिस्ती झेंडा लावायची परवानगी मागितली. शहर घाबरलं. सरकारी इमारतीवर धर्माचा झेंडा लावला तर सरकार त्या धर्माच्या बाजूनं उभं आहे असं दिसेल, म्हणून नकार दिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ मे २०२२ ला सगळ्या नऊ न्यायाधीशांनी शहराच्या विरुद्ध निकाल दिला.

कारण नीट बघा. शहर आपल्या खांबावर फक्त स्वतःचं म्हणणं मांडू शकतं आणि तेव्हा दुसऱ्याचा झेंडा नाकारूही शकतं, हे न्यायालयाला मान्य होतं. पण इतकी वर्षं कुणाचाही झेंडा न बघता लावू दिला, तर तो खांब शहराच्या बोलण्याचा राहिला नाही, लोकांच्या बोलण्याचा झाला. आणि लोकांना बोलायला जागा दिल्यावर एकालाच, तेही धर्मामुळे, अडवता येत नाही. निकालानंतर शहरानं लेखी नियम केला. आता महापौरांची उद्घोषणा किंवा कौन्सिलचा ठराव असेल तरच तिसऱ्या खांबावर वेगळा झेंडा चढतो.

आपला कायदा वेगळा आहे, हे मान्य. पण कलम १४ ची समानता आपल्याकडेही आहे. ज्या दिवशी निगम पहिल्या मंडळाला तोंडी हो म्हणतं, त्या दिवशी दुसऱ्याला नाही म्हणायची वाट स्वतःच बंद करून घेतं.

माजी_बाबू

फार उपयोगी माहिती दिलीत. आपल्याकडच्या एका निकालाची भर घालतो. २३ जानेवारी २००४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं नवीन जिंदल प्रकरणात सांगितलं की तिरंगा सन्मानानं फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा, कलम १९(१)(क) चा भाग आहे, अर्थात वाजवी बंधनांसह. पण तो हक्क नागरिकाचा आहे, स्वतःच्या जागेवरचा. आपल्या घराच्या गच्चीवर भगवा लावायला कुणाची परवानगी लागत नाही. निगमची गच्ची मात्र एकट्या कुणाची नाही.

किल्लागेट

केरगोडूचं प्रकरण आठवतंय का कुणाला? कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातलं गाव. ग्रामपंचायतीच्या जागेवर १०८ फुटी खांब उभा राहिला. परवानगी तिरंगा आणि कन्नड झेंडा यांनाच होती असं प्रशासनाचं म्हणणं, पण वर चढला हनुमानध्वज. २८ जानेवारी २०२४ ला पोलीस बंदोबस्तात तो उतरवून तिरंगा लावला गेला. लाठीमार झाला, जमावबंदी लागली, राज्यभर राजकारण पेटलं. एका पंचायतीच्या परवानगीच्या कागदावरून एवढं सगळं.

माहेर_बेळगाव

मी सासरी ग्वाल्हेरला आले, माहेर बेळगावचं. झेंड्याचा विषय निघाला की माझ्या पोटात आजही कालवतं.

डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेच्या दारासमोर कन्नड संघटनांनी लाल-पिवळा झेंडा उभा केला. मराठी संघटनांनी तो काढायची मागणी केली, निदर्शनं झाली, वातावरण तापलं. माझे काका ज्या महापालिकेत घरपट्टी भरायला जायचे, तिच्या दारातच कुणीतरी त्यांना सांगत होतं की हे घर तुमचं नाही. झेंड्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. महापालिकेत पाऊल टाकण्याआधी मान वर गेली की ते कळत होतं.

राज्याचा म्हणून एक झेंडा मार्च २०१८ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं मंजूर करून केंद्राकडे पाठवला होता, पिवळा, पांढरा, लाल असा. तो वेगळा विषय. पण महापालिकेच्या दारातला झेंडा कुठल्या ठरावानं लागला, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

म्हणून मी इथे आमच्याच मंडळातल्या मुलांना सांगते, बाळांनो, भगवा माझा जीव आहे. लग्नात माहेरून आणलेला छोटा भगवा अजून माझ्या देवघराच्या वर आहे. पण निगमच्या भवनावर तो लावू नका. त्या भवनात मागच्या गल्लीतली सूनही लसीकरणाला येते, तिथेच तिचं रेशनकार्डाचं शिबिर भरतं. बेळगावला माझ्या काकांना जे वाटलं ते तिला आपल्यामुळे वाटू नये.

कंपूवाला

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

तरी एक विचारतो. झेंडा उतरवायचाच होता तर आरती संपेपर्यंत थांबता आलं नसतं का? अध्यक्षांना बोलावून, त्यांच्या हातून उतरवता आला नसता का?

माजी_बाबू

आला असता आणि तसंच व्हायला हवं होतं. नियम बरोबर असला तरी तो पाळून घेण्याची रीत असते.

इतिहासप्रेमी_जिवाजीगंज

या विषयात आपल्याच मध्य प्रदेशातलं एक पान आहे, ते इथे यायलाच हवं.

१९२३ चं जबलपूर. काँग्रेसचे राष्ट्रीय नेते शहरात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी टाउन हॉलवर चरख्याचा झेंडा लावायचं म्युनिसिपालिटीनं ठरवलं. टाउन हॉल म्युनिसिपालिटीचा, सभासद लोकांनी निवडलेले. डेप्युटी कमिशनरनं अट घातली की लावायचा तर शेजारी युनियन जॅकही लावा. ते कुणी मान्य करणं शक्यच नव्हतं. १८ मार्चला मिरवणूक निघाली, कार्यकर्ते टाउन हॉलवर चढले आणि झेंडा फडकला. पोलिसांनी तो उतरवला. त्या ठिणगीतून झेंडा सत्याग्रह उभा राहिला. १ मे पासून नागपुरात जमनालाल बजाज यांनी तो चालवला आणि पुढे वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. देशभरातून स्वयंसेवक नागपूरला जाऊन अटक करवून घेत होते. संविधान सभेनं तिरंगा स्वीकारला तो २२ जुलै १९४७ ला, म्हणजे त्यानंतर चोवीस वर्षांनी.

हे मुद्दाम लिहितोय, कारण "एका खांबावरून काय एवढं" असं कुणी म्हटलं की मला जबलपूर आठवतं. नगरपालिकेच्या गच्चीवर काय फडकतं हे लोकांनी निवडलेल्या सभागृहानं ठरवावं, कुणा एका साहेबानं नव्हे, यासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत. तो अधिकार आज आपल्या निगम परिषदेकडे आहे आणि ती तो वापरतच नाही, याचं मला जास्त दुःख आहे.

आता उलट बाजूचं उदाहरणही घ्या. उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. तिथल्या सिटी हॉलवर १९०६ पासून ब्रिटनचा झेंडा रोज फडकत होता. ३ डिसेंबर २०१२ ला कौन्सिलनं २९ विरुद्ध २१ मतांनी ठरवलं की यापुढे तो फक्त ठरावीक दिवशीच लागेल, वर्षातून अठरा दिवस. एका गटाला तो अजिबात नको होता, दुसऱ्याला रोज हवा होता, तिसऱ्यानं सुचवलेला हा मधला मार्ग. ठराव रीतसर होता. तरी त्याच रात्री दंगल झाली आणि पुढे कित्येक महिने रस्त्यावर निदर्शनं चालली, पोलीस जखमी झाले. बहुमतानं ठरलं म्हणून सगळ्यांनी ते मनानं मान्य केलं असं होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांना सवय झालेली गोष्ट बदलायची असेल तर आधी घरोघरी बोलावं लागतं. आपलं नशीब की आपल्या भवनावर अजून कसलीच सवय पडलेली नाही. नियम करायचा तर आत्ताच.

नई_सडक

हे शेवटचं वाक्य मोलाचं.

मुरारकर

सगळं वाचलं. मला वाटतं दोन झेंड्यांची तुलना करण्यापेक्षा सगळेच झेंडे बंद करा. फक्त तिरंगा. विषय संपला.

परदेशी_ग्वाल्हेरी

मुरारकर, "फक्त अमुक" असं लिहिलं तरी विषय संपतोच असं नाही. यादीत नाव घालायचा अधिकार कुणाकडे, हेही लिहावं लागतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यानं कायदा केला की सरकारी इमारतींवर ठरावीक अधिकृत झेंडेच लागतील, त्यात शहराचा स्वतःचा झेंडा चालेल. सॉल्ट लेक सिटीच्या कौन्सिलनं लगेच मे महिन्यात तीन नवे झेंडे शहराचे अधिकृत झेंडे म्हणून मंजूर केले. कायद्यानं जे झेंडे अडवायचे होते त्यांच्याच रंगांवर शहराचं फूल घालून. त्यांच्या बाजूनं किंवा विरुद्ध मला इथे बोलायचं नाही. पण एका ओळीचा नियम किती ताणता येतो ते दिसतं.

गोरखी_गल्ली

मी इथे क्वचित लिहिते, पण झेंडे माझ्या हातून गेले आहेत म्हणून लिहिते.

आपल्या ग्वाल्हेरात मध्य भारत खादी संघ तिरंगे बनवतो, भारतीय मानक ब्युरोच्या मापाचे. देशात असे फार थोडे ठिकाणं आहेत, एक हुबळीजवळचं बेंगेरी आणि एक आपलं. माझी शिकवणी अशाच कामावर झाली. खादीच्या तीन पट्ट्या अगदी सारख्या रुंदीच्या कापायच्या. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, त्यात सुताचा फरक चालत नाही. सगळ्यात अवघड असतं ते चक्र. ते दोन्ही बाजूंनी दिसायला हवं, आणि एका बाजूचं चक्र दुसऱ्या बाजूच्या चक्रावर तंतोतंत बसायला हवं. चोवीस आऱ्यांपैकी एक जरी सरकली तरी उजेडात धरल्यावर दोन चक्रं दिसतात. मग तो झेंडा बाद. आम्ही प्रत्येक झेंडा खिडकीशी धरून बघायचो. डावीकडे काठीच्या बाजूला जाड पांढऱ्या कापडाची नळी, तिच्यातून दोर. तिथली शिवण सगळ्यात पक्की घालायची, कारण सगळा वारा त्याच शिवणीवर येतो. उन्हात रंग उतरतो का, धुतल्यावर एकमेकांत मिसळतो का, कापडाचं वजन किती, हे सगळं तपासलं जातं.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचे आणि यंत्रावरचेही तिरंगे चालतात. घराघरात लागले, चांगलंच झालं. पण सरकारी इमारतीवर मानक ब्युरोची खूण असलेलाच लागतो, हे फार लोकांना माहीत नाही. तुमच्या भवनावर १५ ऑगस्टला जो लागतो त्याच्या कोपऱ्यावर ती खूण आहे का, एकदा बघाल का ताई?

आणि दुसरं. झेंडा लावण्यावरून एवढी चर्चा होते, उतरवण्याबद्दल कुणी बोलत नाही. विटलेला, कडा उसवलेला तिरंगा महिनोन्‌महिने फडकत राहिलेला मी पाहिला आहे. संहितेत स्पष्ट आहे, फाटका किंवा मळका लावायचा नाही. खराब झाला तर एकांतात, सन्मानानं, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करायचा. कोण करणार? ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे तो. नावच नसेल तर कुणीच करत नाही. भवनाच्या चौकीदाराला एक दोर आणि एक चावी देऊन भागत नाही, त्याला बसवून शिकवावं लागतं.

माजी_बाबू

बाई, तुम्हाला मनापासून नमस्कार. आमच्या कचेरीत एक चौकीदार होता, तो पायरीवर चप्पल काढून गच्चीवर जायचा. झपझप चढवायचा आणि सावकाश उतरवायचा, संहितेत लिहिलंय तसंच, पण त्यानं संहिता वाचलेली नव्हती. त्याला आधीच्या चौकीदारानं शिकवलं होतं.

लष्करची_लेक

गोरखी_गल्ली ताई, भवनात जाऊन पेटी उघडून घेतली. खूण सापडली नाही. पॉलिएस्टरचा आहे, हिरवा पार उडालेला. पुढच्या वेळी खादी संघातूनच आणायचा असं मी अर्जात घालते.

अर्जाचं सांगते. काल मंडळाची बैठक झाली आणि मागच्या गल्लीतल्या दोघांनाही बोलावलं होतं. अर्ज दोघांच्या सह्यांनी द्यायचा ठरला आहे. मसुदा असा: "सामुदायिक भवनाच्या गच्चीवरील ध्वजस्तंभ फक्त राष्ट्रध्वजासाठी राखीव असावा. भवन आरक्षित करणाऱ्या कोणत्याही संस्थेस त्यावर अन्य ध्वज लावता येऊ नये. अंगणात कार्यक्रमापुरता स्वतःचा खांब उभा करण्याची मुभा सर्व संस्थांना सारख्याच अटींवर असावी. ही अट आरक्षणाच्या पावतीवर छापावी. भविष्यात अपवाद करायचा झाल्यास तो फक्त निगम परिषदेच्या लेखी ठरावानेच व्हावा. नियमाबाहेर लावलेला ध्वज उतरवायचा असल्यास संबंधित संस्थेस लेखी कळवून, तिच्या प्रतिनिधीसमक्ष तो उतरवावा."

हे शेवटचं वाक्य कंपूवाला दादांसाठी. काही राहिलं का?

कंपूवाला

राहिलं नाही. सही करायला मीही येतो. यंदा विसर्जनापर्यंत भगवा अंगणातल्या मांडवावर होता आणि तिथे तो जास्त शोभला, हे मुलांनीच सांगितलं.

माजी_बाबू

दोन गोष्टी घाला. एक, अंगणातला खांब गच्चीवरच्या तिरंग्यापेक्षा खाली आणि वेगळा असावा, बरोबरीनं नको. दोन, झेंडा अर्ध्यावर उतरवण्याबद्दल. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्या निधनानंतर देशभर तिरंगा अर्ध्यावर येतो, राज्यपालांच्या निधनानंतर त्या राज्यात. हा आदेश सरकारकडून येतो. वॉर्डातल्या कुणा मोठ्या माणसाचं निधन झालं म्हणून भवनावरचा तिरंगा अर्ध्यावर आणायचा नसतो. दुःख खरं असतं, पण अधिकार तिथे नसतो. अशी वेळ मी पाहिली आहे आणि शोकात असलेल्या घराला नाही म्हणणं फार जड जातं. पावतीवर आधीच लिहिलेलं असेल तर कुणाला म्हणावं लागत नाही.

किल्लागेट

पक्षांच्या झेंड्यांचं काय? आचारसंहिता लागली की सरकारी इमारतींवरचे पक्षांचे झेंडे आणि बॅनर काढले जातात, पण आचारसंहिता उठली की परत लागतात.

लष्करची_लेक

"अन्य ध्वज" मध्ये पक्षांचेही आले. तरी स्पष्ट लिहिते, "धार्मिक, सामाजिक, राजकीय किंवा अन्य कोणताही". माजी_बाबू काकांचे दोन्ही मुद्दे घेतले.

इतिहासप्रेमी_जिवाजीगंज

अर्ज झोन कार्यालयात द्या, पण प्रत महापौर परिषदेकडे आणि निगम परिषदेच्या सभापतींकडेही पाठवा. झोन अधिकारी हे एका भवनापुरतं मान्य करून मोकळे होतील. नियम शहरातल्या सगळ्या सामुदायिक भवनांसाठी हवा, नाहीतर पुढच्या गणपतीला दुसऱ्या वॉर्डात हेच होईल. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

लष्करची_लेक

आज अर्ज दिला. तीनही ठिकाणी पोच मिळाली. झोनच्या साहेबांनी अंगणातल्या खांबाची उंची किती ठेवायची असं विचारलं. मागच्या गल्लीतल्या काकांनी लगेच सांगितलं की मांडवाच्या वर दोन हात, त्याहून जास्त कुणालाच नको. साहेबांनी ते पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं. आता पार्षदांनी हा विषय परिषदेच्या पुढच्या बैठकीत मांडायला हवा. त्यांच्याकडे रविवारी सकाळी जायचं आहे, ज्यांना जमेल त्यांनी या.